तपासणीत सळया गंजलेल्या निघाल्या. ठरलेल्या किमतीत आता किती कमी मागावं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. डोंबिवली पूर्वेला १९९३ च्या इमारतीत चौथ्या, म्हणजे शेवटच्या मजल्यावरचा टू बीएचके तुम्ही ७८ लाखांना ठरवला. दोन लाखांचं टोकन दिलं, विसार पावती झाली, करार नोंदवायचा बाकी आहे. मग ओळखीच्या इंजिनिअरकडून तपासणी करून घेतली. मागच्या बेडरूमच्या स्लॅबचं प्लास्टर बद्द वाजतंय, एका बीमची सळई उघडी आहे, गच्चीतून पाणी झिरपतंय, दोन्ही बाथरूमची ओल खालच्या घरात उतरली आहे, वायरिंग जुनं आहे आणि खिडक्या सडल्या आहेत. सगळ्याचा खर्च त्यांनी साडेसहा लाख काढला. तुमचं म्हणणं, दहा लाख कमी मागायचे म्हणजे साडेसहावर येईल. एजंट सांगतो, विषयच काढू नका, घर हातचं जाईल.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. ठाणे ते बदलापूर पट्ट्यातल्या सोसायट्यांची स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बांधकामाची तपासणी, आणि दुरुस्तीची कामं पंचवीसहून अधिक वर्षं करतोय. माझं मत असं की विषय काढायचाच, पण दहा लाख मागायचे नाहीत, साडेसहाही नाहीत. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून माझा हिशेब साडेपंच्याहत्तर लाखांवर येतो, शिवाय सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीचा या घराच्या वाट्याचा खर्च विकणाऱ्यांनी भरायचा. हा दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, आणि नेमका तोच बहुतेक लोक विसरतात.

आधी साडेसहा लाख फोडून बघा. तुमच्या अहवालात वायरिंग ९० हजार, खिडक्या ८० हजार, बाथरूम १ लाख ७० हजार, स्लॅब आणि बीम १ लाख ६० हजार, गच्चीचं वॉटरप्रूफिंग दीड लाख असं आहे. यातलं वायरिंग आणि खिडक्या आज हिशेबातून काढून टाका. तीस वर्षं जुन्या घरात जुने बोर्ड आणि सडलेल्या चौकटी तुम्ही पहिल्या भेटीतच पाहिल्या होत्या, आणि ते पाहूनच ७८ ला हो म्हणालात. जे दिसत होतं त्याची किंमत भावात धरलेली असते. तेच पुन्हा काढलंत की समोरच्याला वाटतं हा माणूस कारणं शोधतोय, आणि मग खरं कारणही कारणच वाटायला लागतं. मी एका खरेदीदाराबरोबर गेलो होतो, त्याने चाळीस फोटो नेले होते. ओट्याची फुटलेली कडा, दाराची कडी, सगळं त्यात होतं. विकणाऱ्या बाईंनी सातव्या फोटोला मोबाइल परत दिला आणि आत निघून गेल्या. त्याच संचात कॉलमला गेलेल्या उभ्या तड्याचा फोटो होता. तो त्यांनी पाहिलाच नाही.

बाथरूमचं प्रकरण मधलं आहे. तीस वर्षांची बाथरूम तुम्ही नाहीतरी तोडणारच होतात, त्यामुळे टाइल्स आणि नळांचा खर्च तुमचा. पण बाथरूमखालच्या खोलगट (संकन) स्लॅबमध्ये पाणी साचून खालच्यांच्या छताला पोपडे आलेत, हे भेटीत दिसण्यासारखं नव्हतं. वॉटरप्रूफिंग, आतले पाइप आणि खालच्यांच्या छताची दुरुस्ती हे विकणाऱ्यांच्या काळातलं देणं आहे. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, आपल्या संडास-बाथरूमची गळती त्या सभासदाने स्वतः काढायची असते. हा भाग मी एक लाख धरतो. खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन ओल बघा, तिथल्या लोकांशी बोला. त्यांनी सोसायटीकडे लेखी तक्रार केली असेल तर ती तारखेसह मिळवा.

आता स्लॅब. इथे जरा थांबतो, कारण सगळा व्यवहार यावर अवलंबून आहे.

आपल्या पट्ट्यातल्या त्या काळच्या अनेक इमारतींत खाडीची रेती वापरली गेली. ती नीट धुतलेली नसेल तर त्यातलं मीठ काँक्रीटमध्ये राहतं. त्यावर दमट हवा आणि गच्चीतून मुरणारं पाणी. ताज्या काँक्रीटचा अल्कधर्मीपणा सळईला गंजण्यापासून राखतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरत गेला की ते संरक्षण जातं, आणि मीठ असेल तर त्याआधीच जातं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. तो आतून दाबतो, सळईच्या रेषेत तडा जातो, मग कव्हरची, म्हणजे सळईवरच्या काँक्रीटच्या थराची, खपली सुटते. म्हणूनच प्लास्टरचा तडा आणि सळईचा तडा यांत फरक करायचा. कोळ्याच्या जाळ्यासारखे केसभर तडे बहुधा प्लास्टरचे असतात. बीमच्या खालच्या कडेने सरळ आडवा जाणारा, कडेला तांबूस डाग असलेला तडा सळईचा.

बद्द आवाजावरून १ लाख ६० हजारांचा आकडा काढणं मात्र मला पटत नाही. प्लास्टर सुटलंय की काँक्रीट, हे हातोडीने कळत नाही. तिथलं प्लास्टर फूटभर चौकोनात काढून आत बघावं लागतं. विकणाऱ्यांची परवानगी घ्या, नंतर भरून द्यायचं कबूल करा. काँक्रीटच्या ताज्या फोडलेल्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन फवारलं की चांगलं काँक्रीट गुलाबी होतं, निकामी झालेलं रंगहीन राहतं. गुलाबी रंग सळईच्या बाहेरच सुरू होत असेल तर दुरुस्ती आटोक्यात आहे. सळईच्या मागेही रंग येत नसेल तर आज न गंजलेली सळईही पुढे गंजणार. सळईचा व्यास कॅलिपरने मोजून घ्या. एवढ्यावर एका घराचा अंदाज येतो. अल्ट्रासोनिक पल्स, रिबाउंड हॅमर, हाफ-सेल, कोअर काढणं या चाचण्या इमारतीच्या ऑडिटमध्ये व्हायला हव्यात. एका घरासाठी तो खर्च तुम्ही करण्यात अर्थ नाही.

आणि मुख्य गोष्ट म्हणजे हा स्लॅब विकणाऱ्यांचा एकट्याचा नाही. गच्ची, छताच्या स्लॅबची संरचनात्मक दुरुस्ती, बाहेरच्या भिंती, पावसाच्या पाण्याची गळती, गच्चीच्या गळतीने वरच्या मजल्यावर खराब झालेलं छत, हे सगळं आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीने सोसायटीच्या पैशातून करायचं असतं. म्हणजे तुमच्या अहवालातले ३ लाख १० हजार विकणाऱ्यांकडे मागायची रक्कमच नाही. पण सोसायटीचा पैसा म्हणजे शेवटी सभासदांचा पैसा. तुमच्या घरावरचा स्लॅब तीन लाखांत होईल आणि तुमच्याकडून वर्गणी मात्र पूर्ण इमारतीच्या दुरुस्तीची घेतली जाईल. ती तीन लाखांहून कमी असेल किंवा जास्तही, आणि ती ठराव झाल्यावर जो सभासद असेल त्याच्या दारात येईल.

त्यामुळे आकडा बोलण्याआधी सोसायटीची कागदपत्रं हवीत. आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी सांगितलं आहे. तुमची इमारत तीस ओलांडून गेली आहे. तेव्हा ऑडिट झालं असेल तर अहवाल बघायचा. नसेल तर ते लवकरच करावं लागेल आणि त्यातून काय निघेल ते तुमच्या काळात निघेल. दोन्ही बातम्या तुमच्या हिशेबात यायला हव्यात. सेक्रेटरी तुम्हाला, म्हणजे बाहेरच्या माणसाला, कागद दाखवायला बांधील नाही. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे सभासदाला सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं आणि शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद बघण्याचा हक्क आहे. अर्ज विकणाऱ्यांनी करायचा. मागच्या तीन वर्षांच्या सभांची इतिवृत्तं, ऑडिट अहवाल, दुरुस्तीचं अंदाजपत्रक, सिंकिंग फंडातली (मोठ्या दुरुस्तीसाठीच्या राखीव निधीतली) शिल्लक आणि या घराची थकबाकी एवढं मागा. इतिवृत्त बारकाईने वाचा. ‘गच्चीच्या गळतीबाबत चर्चा झाली, पुढील सभेत विचार करण्याचे ठरले’ हे वाक्य सलग तीन वर्षं आलं असेल, तर गळती किती जुनी आहे आणि समिती किती हालते, दोन्ही कळतं.

उदाहरण घेऊ. चोवीस घरं, दुरुस्तीचं अंदाजपत्रक ६० लाख, फंडात १२ लाख. उरलेले ४८ लाख सारखे वाटले तर घरटी २ लाख. सर्वसाधारण सभेने क्षेत्रफळावर वाटायचं ठरवलं तर टू बीएचकेला जास्त. हा आकडा तुमच्या कागदांतून काढायचा, माझ्याकडून नाही.

दुरुस्तीचा हा वाटा किमतीतून वजा का मागू नये? कारण किंमत कमी झाली की तुमचं कर्जही कमी होतं. ७८ लाखांवर ८० टक्के कर्ज म्हणजे ६२ लाख ४० हजार, तुमच्या खिशातले १५ लाख ६० हजार. समजा विकणाऱ्यांनी पूर्ण साडेसहा लाख सोडले. ७१ लाख ५० हजारांवर कर्ज ५७ लाख २० हजार होईल, तुमचे १४ लाख ३० हजार. हातात राहिले १ लाख ३० हजार. मुद्रांक शुल्क ७ टक्के धरलं तर त्यात फार तर साडेपंचेचाळीस हजार वाचतील. दुरुस्तीला मात्र साडेसहा लाख रोख लागणार. हप्ता कमी झाला हा फायदा खरा आहे, पण वीस वर्षांत मिळणाऱ्या फायद्याने येत्या मे महिन्यात कंत्राटदाराचे पैसे देता येत नाहीत. पहिलं घर घेणारी किती तरी जोडपी इथे अडकताना मी पाहिली आहेत. भाव तोडून घेतल्याचा आनंद होतो आणि पावसाळ्यात बेडरूममध्ये बादली ठेवायची वेळ येते.

म्हणून वाटा विकणाऱ्यांनी थेट सोसायटीला चेकने भरावा आणि पावती करारासोबत जोडावी. वर्गणीचा ठराव अजून झाला नसेल तर करारात तरतूद करा: ताबा देण्याच्या तारखेपर्यंत झालेल्या ऑडिटमधून निघणाऱ्या दुरुस्तीची वर्गणी अमुक रकमेपर्यंत विकणारे भरतील आणि तेवढी रक्कम शेवटच्या हप्त्यातून ठरलेल्या मुदतीपर्यंत वकिलाकडे राहील. वरची मर्यादा आणि मुदत दोन्ही लिहा. अमर्याद जबाबदारीवर कुणीही शहाणा माणूस सही करणार नाही. अशी रक्कम राखून ठेवणार असाल तर बँकेला आधी कळवा, कारण त्यांची रक्कम सुटण्याच्या अटी वेगळ्या असतात.

आता किमतीतले अडीच लाख कुठून आले ते सांगतो. एक लाख बाथरूमची गळती आणि खालच्यांचं छत. दीड लाख स्लॅबच्या अनिश्चिततेचे. काँक्रीट उघडल्यावर काम वाढतं, हा माझ्या जवळपास प्रत्येक साइटचा अनुभव आहे. शिवाय बीमला टेकू लावून, परांची बांधून, धुळीत दोन-तीन महिने राहणं किंवा बाहेर भाड्याने राहणं तुमच्या वाट्याला येणार. हे विकणाऱ्यांना तसंच सांगा, ते समजतात. मागणी साडेचौऱ्याहत्तरने सुरू करा आणि साडेपंच्याहत्तरला थांबा. दहा लाखांनी सुरुवात करण्याची युक्ती आपल्याकडे बाजारात चालते, पण तुमच्या हातात अहवाल आहे. अहवालात नसलेला आकडा मागितलात की अहवालाचं वजन गेलं.

बोलायला एजंटला पाठवू नका. तुम्ही लिहिलंय की विकणारे निवृत्त आहेत, मुलाकडे पुण्याला जायचंय. त्या घरात त्यांची तीस वर्षं गेली आहेत. त्यांना त्यांच्या घरात दोष आहे असं ऐकायला लागणार आहे. ते तिऱ्हाइताच्या फोनवरून नको. दोघांनी जा, अहवालाची एक प्रत त्यांच्यासाठी न्या आणि आधी त्यांना वाचू द्या. साधारण असं म्हणता येईल: “काका, घर आम्हाला घ्यायचंच आहे, म्हणून तर तपासून घेतलं. वायरिंग, खिडक्या आम्ही बघूनच हो म्हटलं होतं, त्याचं काही नाही. पण मागच्या खोलीचा स्लॅब आणि खालच्यांकडे गेलेली ओल तेव्हा दिसली नव्हती. तुम्हाला याची कल्पना होती का?” हा शेवटचा प्रश्न विचारा आणि गप्प राहा. पुष्कळदा खरंच कल्पना नसते. काही वेळा काकूच बोलून जातात की दोन पावसाळ्यांपूर्वी खपली पडली होती.

कल्पना होती असं निघालं तर कायद्याची बाजूही बदलते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ५५ प्रमाणे, विकणाऱ्याला माहीत असलेला, घेणाऱ्याला माहीत नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही न सापडणारा महत्त्वाचा दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. ‘जसं आहे तसं’ हे एजंटचं वाक्य या कर्तव्याला सहजासहजी पुसत नाही. मी पाहिलेल्या एका घरात विक्रीच्या आधी महिनाभर पीओपीचं छत बसवलं होतं आणि वर उघड्या सळया होत्या. तिथे मी स्पष्ट सांगितलं की भावाची बोलणी थांबवा आणि वकील गाठा. तुमच्या प्रकरणात मला तसं काही दिसत नाही, म्हणून कलम खिशात राहू द्या. पहिल्या बैठकीत कायदा काढलात की दुसरी बैठक होत नाही.

ते म्हणतील, “दुसरं गिऱ्हाईक तयार आहे.” असेलही. त्यावर शांतपणे एवढंच सांगा की त्या गिऱ्हाइकालाही कर्ज लागलं तर बँकेचा मूल्यांकनकार येईल, आणि तीस वर्षांवरच्या इमारतीला बँका बरेचदा स्ट्रक्चरल स्टॅबिलिटीचा दाखला मागतात. हा दोष तुमच्याबरोबर निघून जाणार नाही. तुमची खरी बाजू हीच आहे. ते असंही म्हणतील की इमारत पुनर्विकासाला जाणार आहे, दुरुस्तीची काळजी कशाला. सर्वसाधारण सभेचा ठराव, प्रकल्प सल्लागाराची नेमणूक, विकासकाची निवड यातलं काय कागदावर आहे ते विचारा. विकासकाशी नोंदणीकृत करार झाला असेल तर सगळा हिशेबच वेगळा होईल, मग तुम्ही चटईक्षेत्र विकत घेताय, स्लॅब नाही. नुसती चर्चा असेल तर तिची किंमत शून्य धरा, आणि चर्चा चालू आहे म्हणून समिती दुरुस्ती पुढे ढकलेल हा धोका मात्र धरा.

काही गोष्टी क्रमाने न केल्यास अंगाशी येतात. भावाची फेरबोलणी करार नोंदवण्याआधीच संपवा. आपल्याकडे विक्रीच्या करारालाच पूर्ण मुद्रांक शुल्क लागतं. नंतर किंमत उतरवायची म्हणजे पुरवणी दस्त, आणि भरलेलं जादा शुल्क परत मिळवणं जिकिरीचं. शुल्क कराराची किंमत आणि वार्षिक मूल्य दर तक्त्याची (रेडी रेकनरची) किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं, हेही लक्षात ठेवा. समजा रेडी रेकनरने ७६ लाख निघाले, तर साडेपंच्याहत्तरला घेऊनही शुल्क ७६ वर. करारातली किंमत त्याहून फारच खाली गेली, म्हणजे सरकारी मूल्य १० टक्क्यांहून जास्त वर राहिलं, तर फरक तुमचं उत्पन्न धरला जाऊन त्यावर आयकर लागतो. ७६ च्या हिशेबात ही सीमा ६९ लाखांच्या आसपास येते, तुम्ही सुरक्षित आहात. पण जुन्या इमारतीचा घसारा वजा करून नेमकं मूल्य वकिलाकडून काढून घ्या.

“करारात ७८ च राहू द्या, अडीच लाख मी रोख परत देतो” असा प्रस्ताव येऊ शकतो, कारण बँकेचं कर्ज त्यामुळे कमी होत नाही. नाही म्हणा. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार आणि त्यावरची रोख घेण्यावर बंदी आहे, बँकेला खोटी किंमत दाखवणं ही फसवणूक आहे, आणि ती रोख मिळाली नाही तर तुम्ही कुठेही दाद मागू शकत नाही.

दोन लाखांच्या टोकनची भीती तुम्ही लिहिली आहे. विसार पावतीत ‘व्यवहार मोडल्यास रक्कम जप्त’ असं आहे का, आणि कागदपत्रं किंवा तपासणी समाधानकारक असण्याची अट आहे का, हे वकिलाला दाखवा. रक्कम विसार म्हणून आहे की किमतीचा आगाऊ भाग म्हणून, यावर बरंच ठरतं. त्या दोन लाखांसाठी साडेपंच्याहत्तर लाखांचा चुकीचा निर्णय मात्र घेऊ नका.

कारण एक शक्यता अशी आहे जिथे कुठल्याच भावाला घेऊ नये असं मी सांगेन. ऑडिटमध्ये इमारत सी-१ वर्गात असेल, म्हणजे रिकामी करून पाडण्यायोग्य, तर बोलणी बंद. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. तिथे कर्ज काढून, हप्ता आणि बाहेरचं भाडं दोन्ही भरत राहायची तुमची तयारी आहे का ते बघा. तुम्ही लिहिलेल्या पगाराच्या आकड्यावरून मला ती दिसत नाही. सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ. तुमच्या वर्णनावरून इमारत सी-२बी मध्ये असावी असं वाटतं, आणि वरचे सगळे आकडे त्याच गृहीतावर आहेत. तळमजल्याचे कॉलम बघितल्याशिवाय मी ते ठाम म्हणणार नाही. स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, पार्किंगच्या कॉलमना खालच्या तीन फुटांत उभे तडे किंवा नव्याने केलेला जाड गिलावा दिसतो का, ते शनिवारी काकांकडे वर जाण्याआधी पाहा आणि प्रत्येक कॉलमचा फोटो काढून इथे टाका. तिथे काही निघालं, तर साडेपंच्याहत्तरचा आकडा बाजूला ठेवून पुन्हा बोलू.